समईच्या तळावरची नावं

२७ जून १९३१ रोजी कुंथुनाथ पायगोंडा चौगुले यांनी बेळगावच्या कचेरीत एका जुन्या मोडी यादीच्या नकलेसाठी एक रुपया नऊ आणे भरले. निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत वजनं लिहिणाऱ्या माणसाचा तो दोन दिवसांचा पगार होता. त्यात एसटीसारखी सोय नसलेल्या काळात निपाणीहून बेळगाव म्हणजे एक अख्खा दिवस मोडायचा. तो दिवसही त्यांनी बिनपगारी घेतला होता. यादीतलं नाव त्यांच्या घरातलं नव्हतं, नात्यातलंही नव्हतं.

त्या भागात त्यांना सगळे कुंथुनाथअण्णा म्हणत. जन्म १८८४ चा, शिक्षण मराठी चौथी. मोडी वडिलांकडून आली, कारण वडीलही त्याच वखारीत लिहायला होते. कानडी घरातच होती. जुनी कानडी मात्र त्यांनी मिळवली. बस्तीत, म्हणजे आमच्याकडच्या जैन मंदिरात, ताडपत्रावरच्या पोथ्या वाचायला एक म्हातारे शास्त्री चातुर्मासात येत. अण्णा चार चातुर्मास त्यांच्यासमोर बसले. पोथ्या संपल्यावर दगडांकडे वळले. निपाणी, चिकोडी, सदलगा, पार बेळगावच्या पश्चिमेकडच्या गावांपर्यंत जिथे लिहिलेला दगड आहे असं कळेल तिथे रविवारी चालत किंवा सायकलवर जायचे. पिशवीत नारळाची शेंडी, चाळलेली राख, पातळ कागद आणि काजळीची डबी. दगड शेंडीने घासून धुवायचा, ओला कागद त्यावर थापायचा, कागद वाळत आला की काजळीची पुरचुंडी हलक्या हाताने फिरवायची. अक्षरं पांढरी उठतात, बाकी काळं. गुरं बांधायचा दगड म्हणून पिढ्यान्पिढ्या वापरलेल्या शिळेवरून असं एखादं आठशे वर्षांपूर्वीचं नाव उठून आलं की भोवती जमलेली माणसं वाकून बघायची.

त्यांचा सगळा ओढा नावांकडे होता. राजांच्या वंशावळी दगडावर असतातच, त्या त्यांनी कधी उतरवून घेतल्या नाहीत. ते शेवटच्या ओळी वाचायचे. त्या ओळींत साक्षीदार असतात: कुणी बम्मगावुंड, कुणी बोप्पण, कुणी तेली, कुणी माळी. गावुंडाचा गौडा कसा झाला, पट्टकीलाचा पाटील कसा झाला, हे ते बाजारात उभ्याउभ्या सांगत. भरमू, मष्णू ही नावं कुठल्या देवाची, हे विचारायला खानापूरकडची माणसंही वखारीच्या दारात येऊन थांबत.

त्यांचा एक नियम होता. नाव सांगायचं तर तीन साक्षी हव्यात: दगड, कागद आणि तोंड. तिन्ही जुळले तर सांगायचं. दोनच जुळले तर "वाटतं" म्हणायचं. एकच असेल तर गप्प बसायचं. बेळगुंदीचे मारुतीराव म्हणून एक सधन गृहस्थ एकदा नारळ आणि शेला घेऊन आले. आपलं आडनाव कुठल्यातरी राजघराण्यातून आलं, असं लिहून पाहिजे होतं. अण्णांनी त्यांच्या गावचा दगड आधीच वाचलेला होता.

"तुमचा पैला सापडलेला पुरुष तळ्याचा बांध राखायचा, मारुतीराव. बांध फुटला त्या राती तिथंच गेला. गावानं त्याचा दगड उभा केलाय."

"म्हंजे राखणदार? राजा न्हाय?"

"राजानं दगड सोताच उभा केला असता. ह्याचा गावानं केलाय. आता कुठला मोठा, ते तुमी ठरवा."

मारुतीराव शेला परत घेऊन गेले. पुढच्या वर्षी स्वतः त्या दगडाला चौथरा बांधून आले आणि अण्णांना गुळाची ढेप देऊन गेले.

असा हा माणूस. आता १९३१ ची हकिकत क्रमाने सांगतो.

निपाणीच्या पूर्वेला दोन कोसांवर एक गाव आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण दोन्ही घरं तिथे अजून नांदतात आणि एकमेकांच्या लग्नाला जातात. त्या गावच्या बस्तीची चार एकर जमीन आहे. तिला दिव्याची जमीन म्हणतात. जो ती कसेल त्याने बस्तीतला दिवा बारा महिने तेवत ठेवायचा, समया घासायच्या, तेल घालायचं. हे काम होसमनींच्या घराकडे होतं. त्या वेळी घरात पारिसा होसमनी, त्याची बायको लक्ष्मीबाई आणि आई धोंडूबाई. या चार एकरांखेरीज त्यांना दुसरी जमीन नव्हती.

तंबाखूला भाव आला आणि चार एकरांकडे गावाचं लक्ष गेलं. बस्तीच्या पंचांचे प्रमुख आण्णाप्पा पाटील. माणूस सचोटीचा, पण हट्टी. त्यांनी पंचांपुढे मुद्दा मांडला की जमीन मूळ ज्या घराला दिली त्याच घराने ती कसावी. होसमनी हे ते घर नव्हे. जुनं घर बुडालं, आणि कुणीतरी उपरा येऊन त्या ओसाड घरात राहिला, नाव लावून बसला. तसं नसेल तर पारिसाने दाखवावं. न दाखवल्यास दिवाळीनंतर जमीन लिलावाने दुसऱ्याला द्यावी.

दाखवणार कसं? एरवी हे काम हेळवी करतो. हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्या तोंडपाठ असणारा. सुगीनंतर बैलावर बसून येतो, दारात उभा राहून घरातल्या मागच्या पुरुषांची नावं घडाघडा म्हणतो आणि धान्य घेऊन जातो. होसमनींच्या हेळव्याचं घर प्लेगात संपलं होतं. त्यानंतर त्या दारात कुणी आलं नव्हतं.

म्हणून धोंडूबाई मुलाला घेऊन वखारीत आल्या. उंच, काटक बाई. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"अण्णा, आमी उपरे हाय का न्हाय, तेवढं बघून सांगा."

"आणि निघाला उपरे, तर आक्का?"

"तर गाठोडं बांधतो. पर तुमी म्हणलासा तर. आण्णाप्पा म्हणला म्हणून न्हाय."

अण्णा कामाला लागले. पहिल्यांदा बस्तीच्या आवारातली शिळा. ती अर्धी मातीत होती. पारिसाने एका सकाळी कमरेएवढा खड्डा काढला आणि खालच्या ओळी उघड्या झाल्या. शके १३६४, दुंदुभी संवत्सर. गावच्या मुख्याने बस्तीच्या दिव्यासाठी जमीन दिली, चारी बाजूंच्या खुणा सांगितल्या आणि ती होसमनेच्या नेमण्णाच्या आणि त्याच्या वंशाच्या हाती सोपवली. पूर्वेला ओढा, उत्तरेला चिंच, दक्षिणेला तेल्याचं शेत. चिंच सोडली तर सगळ्या खुणा जागेवर होत्या.

दगड झाला. मग कागद. २७ जूनला बेळगावहून आणलेल्या नकलेत शके १७०९ सालची, म्हणजे इसवी १७८७ ची, इनाम जमिनींची यादी होती. तीत "आदाप्पा बिन पारिसा होसमनी, बस्तीच्या दिव्याची जमीन" अशी ओळ होती. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा. इंग्रजी मोजणीचं १८५२ चं बुक चावडीत मिळालं. त्यातही त्याच जमिनीवर आदाप्पा बिन पारिसा होसमनी. मग तोंड. धोंडूबाईंनी सांगितलं की माझ्या नवऱ्याचं नाव आदाप्पा, सासरे पारिसा, आणि सासऱ्यांचे वडील आदाप्पा, ते मोठ्या दुष्काळात गेले, म्हणजे १८७६ ला.

दगड, कागद, तोंड जुळलं. अण्णांनी वंशवेल लिहून काढली.

१९ जुलैला, रविवारी, बस्तीच्या ओसरीवर पंच बसले. अर्धं गाव जमलं होतं. सुरुवात आण्णाप्पा पाटलांनी केली.

"पुराव्याचं काय काम? नावातच हाय की. होस मनी म्हंजे कानडीत नवं घर. नव्या घराचे म्हंजे नवे आलेले."

"नवं व्हय," अण्णा म्हणाले. "पर कवा नवं, पाटील? शके तेराशे चौसष्टला नवं. आज त्याला चारशे एकूणनव्वद वर्सं झाली. तुमच्या दारातली चिंच बी त्याच्या पुढं पोरगी."

लोक हसले. पाटीलही हसले. पण मग त्यांनी हात पुढे करून वंशवेलीचा कागद मागितला. पाटील हिशेबाला पक्के होते. कागदावर बोट ठेवत ते खालून वर गेले आणि एका जागी थांबले.

"ह्यो आदाप्पा. सतराशे सत्याऐंशीला यादीत घरचा कर्ता. वीस वर्सांचा तरी धरू?"

"धरा."

"आणि दुष्काळात मेला, अठराशे शहात्तरला."

 अण्णांना आकडा कळला होता.

"एकशे नऊ वर्सं!" पाटील सगळ्यांकडे बघत म्हणाले. "अण्णा, काय खात होता ह्यो? आमाला बी सांगा की. आमच्या म्हातारीला चारतो."

या वेळचं हसणं वेगळं होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "दगड वाचून वाचून माणूस बी दगडाच्या वयाचा वाटतोय अण्णांना." पारिसा खाली मान घालून बसला. धोंडूबाई खांबाशी उभ्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

चूक काय झाली ते अण्णांना तिथेच समजलं. आमच्याकडे नातवाला आजोबाचं नाव देतात. आदाप्पाचा मुलगा पारिसा, पारिसाचा मुलगा पुन्हा आदाप्पा. त्यामुळे एकाआड एक पिढीत "आदाप्पा बिन पारिसा" ही ओळ जशीच्या तशी येते. यादीतला आदाप्पा आणि मोजणीतला आदाप्पा एक नव्हते, आजोबा आणि नातू होते. मधल्या दोन पिढ्या अण्णांच्या हातून गळल्या होत्या. ही गोष्ट त्यांनी स्वतः शेकडो लोकांना समजावून सांगितली होती. घाईत स्वतःच फसले.

ते उठून उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक माझी हाय. होसमनींची न्हाय. आदाप्पा दोन हायत."

"तसं तुमी म्हणतासा," पाटील म्हणाले. "मी म्हणतो, पैल्या आदाप्पाबरोबर घर बुडालं. दुसरा बाहेरनं आला. त्यानं जमिनीबरोबर नाव बी उचललं. मधला पारिसा दावा. त्यो कुठं हाय?"

तो कुठेच नव्हता. १७८७ आणि १८५२ यांच्या मधला एकही कागद त्या गावाचा उरला नव्हता. पंचांनी दिवाळीआधीची मुदत दिली आणि पुढची बैठक २५ ऑक्टोबरला ठरली.

पुढचे तीन महिने अण्णांनी सुट्टीचा एकही दिवस घरी काढला नाही. चिकोडीला गेले, पुन्हा बेळगावला गेले, शेजारच्या चार गावांच्या चावड्या पाहिल्या. एका जुन्या देसायांच्या घरी फडताळभर मोडी रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, होते, ते दोन रविवार बसून चाळले. वखारीतले सोबती चेष्टा करायचे, "अण्णा, एकशे नऊवाला भेटला काय?" अण्णा म्हणायचे, "त्याचा ल्योक शोधतोय." मधला पारिसा काही भेटला नाही.

१८ ऑक्टोबरला, बैठकीला आठ दिवस असताना, ते होसमनींच्या घरी गेले. आपल्याला जमलं नाही, हे तोंडाने सांगायला गेले होते. दसऱ्याची तयारी चालली होती. धोंडूबाई आणि लक्ष्मीबाई बस्तीतल्या समया अंगणात आणून चिंचेच्या कोळाने घासत होत्या. अकरा समया होत्या. अण्णांनी ओट्यावर बसून सगळं सांगितलं. धोंडूबाईंचा हात थांबला नाही.

"पुरुषांची नावं हुडकतासा, म्हणून घोटाळा हुतोय," त्या म्हणाल्या. "आदाप्पा, पारिसा, आदाप्पा, पारिसा. आमाला तरी कुठं कळतंय कुठला कुठला! बायका मात्र दर पिढीला नव्या गावच्या येत्यात. आमची नावं सारखी न्हाईत."

"बायकांची नावं कागदात न्हाईत, आक्का. मी लई बघितलं."

"कागदात कशाला असतील? समईला हायत की."

आणि त्यांनी हातातली समई उलटी केली.

तळाच्या कडेने बारीक कानडी अक्षरं कोरलेली होती. आमच्या बायका नोंपी करतात. नोंपी म्हणजे काही वर्षं चालणारं व्रत. ते पूर्ण झालं की उद्यापनाला बस्तीला काहीतरी द्यायचं. होसमनींच्या घरची सून समई देई, कारण दिवा त्यांच्याकडे होता, आणि तळावर स्वतःचं नाव घाली. पुरुषांनी या समया शेकडो वेळा पाहिल्या होत्या, पण उभ्या आणि पेटलेल्या. तळ फक्त घासणारीला दिसे. अण्णांनी बस्तीतला प्रत्येक दगड वाचला होता. समई उलटी करावी असं त्यांना कधी सुचलं नव्हतं.

त्यांनी पिशवीतून राख काढली. लक्ष्मीबाईने आत्ताच घासून चकचकीत केलेल्या पितळेवर ते पुन्हा राख चोळायला लागल्यावर ती म्हणाली, "अण्णा, पुन्हा घासायचं कुणी?"

"मी घासतो गं. सगळ्या घासतो."

अकरांपैकी सहांवर अक्षरं होती. त्यांतल्या तीन समया त्यांनी बाजूला काढल्या आणि संध्याकाळपर्यंत तिथेच बसले. मग खरोखर सगळ्या समया स्वतः घासल्या. जाताना धोंडूबाईंच्या पाया पडले. त्या पायरीवरून मागे सरल्या. "ह्ये काय करतासा? मी तुमच्याहून मोठी काय?"

"चार-दोन वर्सांनी असशील, आक्का. त्यासाठी न्हाय पडलो."

खरं तर त्या नऊ वर्षांनी मोठ्या होत्या.

२५ ऑक्टोबरला ओसरी भरली. अण्णांनी कागद आणला नव्हता. पांढऱ्या धोतराचं पान पसरलं आणि त्यावर तीन समया उलट्या ठेवल्या. मग पाटलांना म्हणाले, "तुमाला कानडी वाचता येतंय. तुमीच वाचा. मी वाचलं तर पुन्हा माझी चूक हुईल."

पाटलांनी चष्मा लावला. पहिली समई उचलून उजेडाकडे धरली आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्याने वाचली. शके १७१२, साधारण संवत्सर. होसमने आदाप्पाची स्त्री, गळतग्याच्या बोपण्णाची मुलगी सायव्वा हिने नोंपीच्या उद्यापनास दिली.

"हा यादीतला आदाप्पा," अण्णा म्हणाले. "फुडं."

दुसरी. शके १७४२, विक्रम संवत्सर. होसमने पारिसाची स्त्री, सायव्वाची सून, सदलग्याची चंद्रव्वा.

पारिसा हे नाव वाचताना पाटलांचा आवाज जरा अडखळला.  तीन महिने जो सापडत नव्हता तो बायकोच्या नावामागे उभा होता.

तिसरी. शके १७६६, क्रोधी संवत्सर. होसमने आदाप्पाची स्त्री, चंद्रव्वाची सून, बोरगावची आक्कव्वा.

"थांबा," एक पंच म्हणाले. "पैल्याच आदाप्पानं दुसरी बायको केली असंल. ही आक्कव्वा ती असंल."

पाटलांनीच मान हलवली. "चंद्रव्वाची सून म्हणून लिवलंय. चंद्रव्वा ही सायव्वाची सून. सासूच्या सासूचा नवरा कसा करंल ती?" त्यांनी समई खाली ठेवली. मग अण्णांना विचारलं, "हितवर दगडाचं आणि पितळेचं झालं. ही आक्कव्वा आणि आत्ताचं घर, ह्येंच्या मधलं?"

तेव्हा धोंडूबाई खांबाजवळून पुढे आल्या.

"आक्कव्वा माझी आजेसासू. मी दहा वर्सांची सून हून आलतो तवा ती हुती. दात न्हवते, पर आवाज हुता. समई कशी घासायची ते तिनंच शिकिवलं मला. तळ आधी घास म्हणायची. पाटील, तुमच्या आईनं बी तिला बघितलंय. घरी जाऊन इचारा."

पाटील घरी गेले नाहीत. त्यांनी तिन्ही समया एकेक करून सरळ केल्या, जागेवर ठेवल्या आणि म्हणाले, "जमीन होसमनींची. माझा मुद्दा मी मागं घेतो." एवढंच बोलले, पण उभं राहून बोलले. मग पारिसाला म्हणाले, "आज दिवा तू लाव. आमी बसतो तवर."

उठता उठता एकाने खोचकपणे विचारलं, "अण्णा, आता पाटलांचं घर गावात कवा आलं ते बी सांगून टाका की!"

अण्णांना ते ठाऊक होतं. १७८७ च्या यादीतच ती नोंद होती आणि ती पाटलांना आवडण्यासारखी नव्हती. एकशे नऊ वर्षांच्या म्हाताऱ्याची परतफेड करायची ती वेळ होती.

ते म्हणाले, "मला होसमनींचं इचारलंतं. तेवढंच सांगायला आलतो."

आठवड्याने पाटील स्वतः वखारीत आले. दोघे तासभर बोलले. काय बोलले ते अण्णांनी कधी सांगितलं नाही. पाटील मात्र त्यानंतर दर दसऱ्याला अण्णांना बोलावू लागले.

त्या समयांपैकी एक फार झिजलेली होती. अक्षरांचं वळण शिळेच्या काळाकडचं वाटे. तिच्यावर होसमने आणि नागव्वा एवढंच लागत होतं, साल लागत नव्हतं. लोक म्हणत, ही नेमण्णाचीच सून असणार. अण्णांनी ते कधी कबूल केलं नाही. "वाटतं," एवढंच म्हणत.

पुढची पंधरा वर्षं त्यांनी गावोगाव समया, घंटा, कलश उलटे करण्यात घालवली. त्यांच्या वह्यांत चारशे बारा बायकांची नावं आहेत. माहेरचं गाव, सासू, साल, कुठल्या भांड्यावर, सगळं रकान्यांत. त्या वह्या मी पाहिल्या आहेत. मीही आयुष्यभर कचेरीत रकाने लिहिले आणि तपासले, पण एवढी स्वच्छ वही माझ्या टेबलावर दुसरी आली नाही. एका वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी १९ जुलै १९३१ ची तारीख घालून स्वतःची चुकलेली वंशवेल चिकटवली आहे. शिकायला येणाऱ्याला ती आधी दाखवत.

धोंडूबाईंची स्वतःची समई मात्र नव्हती. त्यांची नोंपी चालू असताना प्लेगात सासरे गेले, पुढे नवरा गेला, उद्यापन राहून गेलं. त्या १९४२ ला वारल्या. लक्ष्मीबाईंची नोंपी १९४७ च्या फेब्रुवारीत पुरी झाली. समईवर काय कोरायचं ते विचारायला ती अण्णांकडे आली. अण्णांना तेव्हा त्रेसष्टावं वर्ष होतं आणि दमा वाढला होता. त्यांनी मजकूर लिहून दिला: होसमने पारिसाची स्त्री लक्ष्मीबाई, धोंडूबाईची सून.

लक्ष्मीबाई म्हणाली, "अण्णा, सासूबाईंचं एवढंच? त्यांचं म्हायेर, त्यांची सासू, आक्कव्वापातूर सगळं घाला की. त्यांची समई ऱ्हायली न्हवं. हीच त्यांची बी धरा."

अण्णांनी पुन्हा लिहिलं. निपाणीच्या ज्योतिबा तांबटाने तळ पाहिला आणि म्हणाला, "एवढं मावायचं न्हाय. आणि ठरलं त्यापेक्षा लई अक्षरं झाली. मला परवडायचं न्हाय."

"कडेनं दोन ओळी घे. जादाचं मी देतो. तिला सांगू नको."

समई मार्चमध्ये बस्तीत लागली. तळावर चार सुनांची नावं एकापाठोपाठ आहेत. शेजारची माणसं आता पाहुण्यांना ती उलटी करून दाखवतात. आण्णाप्पा पाटलांच्या नातसुनेने पुढच्याच वर्षी आपल्या घंटेवर सासूचं नाव घातलं.

कुंथुनाथअण्णा २ एप्रिल १९४७ ला निपाणीत वारले. जादा अक्षरांचे सात आणे झाले होते. त्यातले चार त्यांनी दिले होते. ज्योतिबा तांबटाचे तीन आणे द्यायचे राहिले आहेत.